‘७० टक्के सक्सेस’ म्हणजे कशातले ७०? आयव्हीएफ सेंटरचे आकडे वाचण्याची रीत

आयव्हीएफ (बीज शरीराबाहेर फलित करून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात ठेवण्याचा उपचार) करणारं सेंटर निवडताना बहुतेक जोडपी एकच प्रश्न विचारतात, “तुमचा सक्सेस रेट किती?” समोरून एक आकडा येतो, दोघं एकमेकांकडे बघतात आणि निर्णय तिथल्या तिथे होऊन जातो. मी समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या फायलींच्या पहिल्या पानावर असा आकडा पेनाने लिहिलेला असतो, कित्येकदा त्याभोवती गोलही केलेला असतो. तो कशातून काढला असं विचारलं की दोघंही गप्प होतात. आकडा खोटा असतो असं नाही. बहुतेक वेळा तो खराच असतो, फक्त वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असतो.

खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. विशेषतः पहिल्या दोन पक्क्या होईपर्यंत दोन सेंटरची तुलना करू नका.

## तयारी: भेटीला जाण्याआधी दोन कागद

पहिल्या कागदावर स्वतःची माहिती एकाच पानात उतरवा. स्त्रीचं वय वर्षं आणि महिन्यांत. एएमएच (बीजांचा उरलेला साठा सांगणारी रक्ततपासणी) आणि अँट्रल फॉलिकल काउंट (बीजं असलेल्या छोट्या पिशव्यांची, म्हणजे फॉलिकलची, सोनोग्राफीत मोजलेली संख्या), तपासणीच्या तारखेसह. वीर्यतपासणीचा रिपोर्ट. आधीचे गर्भपात, शस्त्रक्रिया. आधी सायकल (उपचाराची एक फेरी) झाली असेल तर किती बीजं निघाली, त्यांतली पक्व किती, फलित किती, ब्लास्टोसिस्टपर्यंत (पाचव्या-सहाव्या दिवसाचा भ्रूण) किती पोचली, किती ट्रान्सफर केली (गर्भाशयात ठेवली) आणि किती फ्रीझ केली (गोठवून ठेवली). हे सगळं फायलीत असतंच, पण चाळीस पानांच्या फायलीतून भेटीच्या वेळी ते सापडत नाही.

दुसरा कागद कोरा ठेवा. त्यावर एकाखाली एक पाच ओळी आखा: सायकल सुरू झाली, पिकअप (बीजं बाहेर काढणं) झालं, ट्रान्सफर झालं, हार्टबीट दिसले, बाळ जन्मलं. सेंटरकडून मिळणारा प्रत्येक आकडा यांपैकी कोणत्या ओळीत बसतो ते तुम्हाला शोधायचं आहे.

भेटीला दोघंही जा. एकाने विचारायचं, दुसऱ्याने लिहायचं. आणि हे प्रश्न फोनवर किंवा रिसेप्शनवर विचारू नका. तिथल्या माणसाला पाठ करून दिलेला आकडाच सांगता येतो. उपचार करणारे डॉक्टर किंवा लॅबमधले एम्ब्रियॉलॉजिस्ट (भ्रूणतज्ज्ञ) यांनाच विचारा.

## पायरी १: ‘यश’ म्हणून काय मोजलंय ते विचारा

एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात.

पहिली, बीटा पॉझिटिव्ह. ट्रान्सफरनंतर साधारण ९ ते १४ दिवसांनी रक्तातलं एचसीजी (गर्भधारणेचं संप्रेरक) तपासतात; हीच बीटा तपासणी. ते वाढलेलं दिसलं की गर्भ रुजायला सुरुवात झाली एवढंच कळतं. यातल्या काही गर्भधारणा सोनोग्राफीत दिसण्याआधीच संपतात. त्यांना बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतात.

दुसरी, क्लिनिकल प्रेग्नन्सी, म्हणजे सोनोग्राफीत गर्भपिशवी दिसणं. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास हार्टबीट दिसतात. सेंटरच्या भिंतीवरचे बरेच आकडे इथे थांबतात.

तिसरी, जिवंत बाळाचा जन्म. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार गर्भारपणाचे २२ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचा जिवंत जन्म यात धरतात. जुळी झाली तरी प्रसूती एकच मोजायची. दोन बाळं झाली म्हणून दोन यशं लावणारा हिशेब दिसला तर तो बाजूला ठेवा.

तुम्हाला तिसरा आकडा हवा आहे. प्रश्न सरळ विचारा: “किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या?”

सेंटर हार्टबीटपाशी का थांबतं, याचं एक रास्त कारणही असतं. आठव्या-दहाव्या आठवड्यानंतर बाई आपल्या नेहमीच्या प्रसूतितज्ज्ञांकडे जाते आणि पुढे काय झालं ते सेंटरला कळत नाही. पण मग कुणीतरी फोन करून विचारायला हवं. “डिलिव्हरीची नोंद तुमच्याकडे कोण ठेवतं?” असं विचारलं आणि समोरून कुणा माणसाचं नाव आलं, तर ते सेंटर स्वतःचे निकाल खरंच पाहतं असं मी धरते.

तपासा: कागदावर ‘प्रेग्नन्सी रेट’ लिहिलंय की ‘लाइव्ह बर्थ रेट’? नुसतं ‘सक्सेस’ लिहिलं असेल तर त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढा आणि ते मिटेपर्यंत पुढे जाऊ नका.

## पायरी २: कितीपैकी, ते विचारा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू. समजण्यासाठी एक काल्पनिक सेंटर घेऊ.

एका वर्षात १०० जणींनी बीजं वाढवण्याची इंजेक्शनं सुरू केली. त्यांतल्या १० जणींची सायकल मध्येच रद्द झाली, कारण फॉलिकल नीट वाढली नाहीत किंवा फारच वाढली. ९० जणींचं पिकअप झालं. त्यांतल्या २० जणींचं ट्रान्सफर होऊच शकलं नाही. कुणाची बीजं पक्व नव्हती, कुणाचं फलन झालं नाही, कुणाचे भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत टिकले नाहीत. ७० जणींचं ट्रान्सफर झालं. ३५ जणींचा बीटा पॉझिटिव्ह आला, ३० जणींच्या सोनोग्राफीत गर्भपिशवी दिसली, २५ जणींना बाळ झालं.

आता हे सेंटर काय काय छापू शकतं ते बघा.

- ट्रान्सफर झालेल्यांत बीटा पॉझिटिव्ह: ७० पैकी ३५, म्हणजे ५० टक्के.
- ट्रान्सफर झालेल्यांत क्लिनिकल प्रेग्नन्सी: ७० पैकी ३०, जवळपास ४३ टक्के.
- ट्रान्सफर झालेल्यांत जन्म: ७० पैकी २५, जवळपास ३६ टक्के.
- पिकअप झालेल्यांत जन्म: ९० पैकी २५, जवळपास २८ टक्के.
- सायकल सुरू केलेल्यांत जन्म: १०० पैकी २५, म्हणजे २५ टक्के.

पाचही आकडे खरे आहेत. सेंटर तेच, बायका त्याच, वर्षही तेच. पहिल्या भेटीला गेलेली बाई मात्र शेवटच्या ओळीत उभी असते. तिची सायकल अजून सुरूही झालेली नाही, तेव्हा ट्रान्सफरपर्यंत पोचलेल्यांचा आकडा तिचा कसा होईल?

एकदा एका जोडप्याने मला सेंटरचं माहितीपत्रक दाखवलं. अर्ध्या पानभर मोठा आकडा आणि त्याच्या डोक्यावर बारीकशी चांदणी. चांदणीचा खुलासा मागच्या पानाच्या तळाशी होता. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून वाचला तेव्हा कळलं की तो हिशेब ‘तपासून निवडलेल्या ब्लास्टोसिस्टच्या ट्रान्सफरमागे’ होता. म्हणजे ज्यांचा एकही भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत पोचला नाही त्या गेल्या, जनुकीय तपासणीत ज्यांचे सगळे भ्रूण बाद झाले त्याही गेल्या. उरलेल्यांतलं यश अर्धं पान भरून छापलेलं. त्या बाईचं एएमएच कमी होतं. गाळल्या जाणाऱ्यांत जाण्याची शक्यता तिचीच जास्त होती.

आता याची दुसरी बाजू. एका पिकअपमधून बरेचदा एकाहून जास्त भ्रूण मिळतात आणि उरलेले फ्रीझ करतात. पहिल्या ट्रान्सफरमध्ये जमलं नाही तरी पुढच्या फ्रोझन ट्रान्सफरमध्ये जमू शकतं. वरच्या उदाहरणात उरलेल्या भ्रूणांतून आणखी ११ जणींना बाळ झालं, तर १०० पैकी ३६ हा त्या सेंटरचा एकत्रित दर झाला. एका पिकअपमधले ताजे आणि फ्रोझन सगळे ट्रान्सफर धरून काढलेला हा दर तुमच्या सर्वांत कामाचा. सगळे भ्रूण आधी फ्रीझ करून नंतर ट्रान्सफर करणाऱ्या सेंटरला तोलायचं तर हाच दर लागतो.

थांबा: तीन-चार पिकअप मिळून काढलेला दरही ‘एकत्रित’ म्हणूनच सांगतात. किती पिकअपचा, ते आकड्याशेजारी लिहून घ्या.

## पायरी ३: आपल्यासारख्यांचा आकडा वेगळा मागा

पहिल्या कागदाचं काम आता. निकालावर सर्वांत मोठा प्रभाव बीजाच्या वयाचा असतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अहवालांत पस्तिशीच्या आत, ३५ ते ३७, ३८ ते ४० आणि त्यापुढे, असे गट पाडलेले असतात. तुमच्या सेंटरकडूनही असाच गटवार आकडा मागा. सगळ्या वयांची सरासरी ३९ वर्षांच्या बाईच्या काही कामाची नाही.

डोनर (दुसऱ्या स्त्रीने दिलेल्या) बीजाच्या सायकली वेगळ्या काढून मागा. तिथे वय धरायचं ते डोनरचं. बाई ४४ वर्षांची असली तरी बीज २७ वर्षांच्या मुलीचं असतं आणि निकालही त्या वयासारखाच लागतो. चाळिशीपुढच्या गटात एखाद्या सेंटरचा आकडा डोळ्यांत भरण्याइतका मोठा असेल, तर आधी हेच विचारा: “यात सेल्फ किती आणि डोनर किती?”

एक गोष्ट मात्र सेंटरच्या बाजूने सांगायला हवी. अवघड केस नाकारणाऱ्या ठिकाणचे आकडे आपोआप चांगले दिसतात आणि इतर ठिकाणी हरून आलेल्यांना घेणाऱ्या ठिकाणचे पडतात. म्हणून “कोणत्या पेशंटना तुम्ही घेत नाही?” हाही प्रश्न यादीत ठेवा.

## पायरी ४: संख्या आणि वर्ष लिहून घ्या

२० पैकी १० म्हणजे ५० टक्के आणि ४०० पैकी २०० म्हणजेही ५० टक्के. पण पहिल्यात खरा दर ३० ते ७० यांमध्ये कुठेही असू शकतो, दुसऱ्यात साधारण ४५ ते ५५ मध्ये. टक्का ऐकला की मागची संख्या विचारायचीच. पन्नासहून कमी सायकलींवरून काढलेला टक्का मी तुलनेत धरतच नाही.

वर्षाचंही तसंच. डिसेंबरात ट्रान्सफर झालेल्या बाईचं बाळ पुढच्या वर्षी जन्मतं, तेव्हा या वर्षीचा जन्मदर या वर्षीच कुणी सांगत असेल तर तो जन्मदर नव्हे. नीट मोजलेला अहवाल वर्ष-दोन वर्षं मागचाच असतो. जुना दिसतो म्हणून त्याला नाकं मुरडू नका.

## पायरी ५: जुळ्यांचा आकडा मागा

हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. “जुळी झाली तर बरंच, एकदाच सुटका,” असं पेशंटच म्हणतात. जुळ्यांच्या गर्भारपणात निम्म्याहून अधिक बाळं ३७ आठवड्यांआधी जन्मतात. आईला रक्तदाब, मधुमेह आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोन-तीन भ्रूण एकदम ठेवले की सेंटरचा ट्रान्सफरमागचा टक्का चढतो. एनआयसीयूतले (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातले) दिवस त्या टक्क्यात दिसत नाहीत.

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात आयव्हीएफमधल्या प्रसूतींपैकी सुमारे २८ टक्के जुळ्या-तिळ्यांच्या होत्या. एका वेळी एकच भ्रूण ठेवण्याचा आग्रह तिथल्या नियामक संस्थेने धरला आणि २०१९ पर्यंत हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. त्याच काळात तिथला यशाचा दरही वाढत गेला.

तपासा: या सेंटरमध्ये तुमच्या वयोगटात सरासरी किती भ्रूण ट्रान्सफर करतात? जुळ्यांचं प्रमाण किती? हे दोन आकडे सांगता येत नसतील, तर तिथला सक्सेस रेट अर्धवट आहे असं समजा.

## पायरी ६: देखरेख कोण करतं ते बघा

नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणजे उत्तम निकालाची पावती, हा सर्रास होणारा गैरसमज. नोंदणी म्हणजे काम करायची परवानगी. निकालांवर कोण आणि किती बारकाईने नजर ठेवतं हे देशागणिक बदलतं.

ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याने एचएफईए ही संस्था आली. ती परवाना देते, तपासणी करते आणि प्रत्येक सेंटरचे निकाल लोकांसमोर ठेवते. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानुसार सेंटरांनी आपले निकाल सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेला कळवायचे असतात. न कळवणाऱ्याला दंड नाही, पण त्याचं नाव न कळवणाऱ्यांच्या यादीत छापलं जातं. तेवढी यादी वाचली तरी पुष्कळ कळतं. भारतात २०२१ चा एआरटी (साहाय्यित प्रजनन) कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. प्रत्येक सेंटरला नोंदणी बंधनकारक आहे आणि ती पाच वर्षांसाठी असते. लेव्हल १ च्या क्लिनिकला फक्त आययूआयची (वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याची) मुभा आहे. आयव्हीएफसाठी लेव्हल २ ची नोंदणी लागते. भिंतीवरची चौकट वाचताना लोक नाव आणि शिक्का बघतात, लेव्हल बघत नाहीत.

याच कायद्यानुसार यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि एकाहून अधिक गर्भ राहण्याचा धोका उपचारापूर्वी समजावून सांगणं ही सेंटरची जबाबदारी आहे. तक्रार कक्षही असायलाच हवा. त्यामुळे वरचे प्रश्न विचारताना आपण फार चिकित्सा करतोय असं वाटून घेऊ नका.

तपासा: प्रमाणपत्राची मुदत, लेव्हल, आणि त्यावरचा पत्ता तुम्ही उभे आहात तोच आहे का. एका शाखेची नोंदणी दुसऱ्या शाखेला चालत नाही.

## पायरी ७: ‘एक्स्ट्रा’ उपचारांना एकच प्रश्न

गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा, भ्रूणाचं कवच पातळ करणं, इंट्रालिपिड या चरबीयुक्त द्रवाचं सलाइन, अशी यादी पहिली सायकल फसली की पुढे येते. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: यामुळे बाळ होण्याचं प्रमाण वाढतं, असं माझ्यासारख्या बायकांत दिसलं आहे का? ओरखड्याचं उदाहरण बोलकं आहे. कित्येक वर्षं तो सर्रास दिला जायचा. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला. ओरखडा दिलेल्यांत २६.१ टक्के जन्म, न दिलेल्यांतही २६.१. एचएफईएने अशा उपचारांना पुराव्यानुसार रंग देऊन यादी केली आहे. सही करण्याआधी ती एकदा नजरेखालून घाला.

## पायरी ८: सायकल सुरू झाल्यावर स्वतःची वही

सेंटर ठरलं की लोक वही बंद करतात. खरं तर तिचं काम इथून पुढे असतं.

संमतीपत्रं आदल्या आठवड्यात घरी मागून घ्या. पिकअपच्या सकाळी, रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नसताना, काउंटरवर पंधरा सह्या करणं म्हणजे वाचणं नव्हे. त्यांत फ्रीझ केलेल्या भ्रूणांचं काय करायचं हे लिहिलेलं असतं: किती वर्षं ठेवायचे, दोघांतलं एक गेलं किंवा दोघं वेगळे झाले तर काय. या गोष्टी घरी बसून बोलायच्या असतात.

पिकअपला आणि ट्रान्सफरला ओळख पटवताना “तुम्ही अमुकच ना?” असं कुणी विचारलं तर नुसतं “हो” म्हणू नका. ताणाखालची बाई कुठल्याही नावाला “हो” म्हणते. आपलं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जोडीदाराचं नाव स्वतः उच्चारा आणि ते मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायला सांगा. लॅबमध्येही डबीवरचं नाव दोघांनी मिळून तपासायचं किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जुळवायचं असतं. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे ते विचारा.

मग हे आकडे ज्या त्या दिवशी विचारून लिहा: पिकअपच्या दिवशी एकूण बीजं, नंतर त्यांतली पक्व, दुसऱ्या दिवशी फलित झालेली, पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, ट्रान्सफर केलेले, फ्रीझ केलेले. आकडा दर टप्प्यावर घटणार, ते ठरलेलंच. बारा बीजांतून तीन ब्लास्टोसिस्ट निघाले म्हणून लॅबवर खापर फोडू नका. कुठल्या टप्प्यावर जास्त गळती झाली, हे पुढच्या सायकलची आखणी करताना लागतं.

थांबा: पिकअपनंतर पोट झपाट्याने फुगणं, वजन भराभर वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं, यांतलं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता लगेच सेंटरला फोन करा. ओव्हरी जास्त उत्तेजित झाल्याची ती लक्षणं असू शकतात.

थांबा: ट्रान्सफरनंतर घाईने घरी युरिन टेस्ट करू नका. ट्रिगरच्या (पिकअपआधी बीजं पक्व करणाऱ्या) इंजेक्शनात एचसीजी असेल तर ते दहाएक दिवस शरीरात राहतं आणि खोटी दुसरी रेघ उमटू शकते.

## पायरी ९: जमलं नाही तर, किंवा काही खटकलं तर

सायकल फसल्यावर दुसऱ्याच दिवशी सेंटर बदलायची ऊर्मी येते. आधी कागद घ्या. औषधं आणि त्यांचे डोस, वहीतले सगळे आकडे, भ्रूणांची ग्रेड, ट्रान्सफरच्या वेळची अस्तराची जाडी, आणि फ्रीझ केलेल्या भ्रूणांची संख्या व जागा, एवढं सेंटरच्या समरीत (उपचाराच्या सारांशात) हवं. “निगेटिव्ह आलं, पुढच्या महिन्यात बघू” ही समरी नव्हे. हा कागद हातात नसेल तर दुसरे डॉक्टर पहिल्यापासून चाचपडत बसतात आणि तोच प्रयोग पुन्हा होतो.

नंतर डॉक्टरांशी आढाव्याची भेट मागा, आणि वही घेऊन जा. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. रडवेल्या डोळ्यांनी घेतलेल्या भेटीतलं फारसं लक्षात राहत नाही.

निकाल निगेटिव्ह आला ही तक्रार होत नाही. न सांगता जादा भ्रूण ठेवणं, संमतीशिवाय काही करणं, नोंदी न देणं, नावांची अदलाबदल झाल्याची शंका, ही तक्रार. ती आधी लेखी स्वरूपात सेंटरच्या तक्रार कक्षाकडे द्या, उत्तर नाही आलं तर नियामक संस्थेकडे. तारखा, कोण काय म्हणालं आणि कोणता कागद मागितला, एवढंच लिहा; संताप दुसऱ्या कागदावर उतरवा आणि तो घरीच ठेवा. अर्जाच्या दोन प्रती न्या, आणि आपल्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख पडल्याशिवाय काउंटर सोडू नका.